पंचामृतातली दुनळी

आश्विनातलं ऊन पाठीवर चटके देऊ लागलं आणि आंबिवलीच्या खाचरांतून कापलेल्या भाताचा वास कल्याणात शिरला, की माझ्या बोटांना आपोआप लाकडाला चोळायच्या जवसाच्या तेलाची आठवण होते. इतरांच्या घरी या दिवसांत घट बसतात, माळा चढतात. आमच्याकडे ते सगळं होतंच, पण त्याच्या जोडीला माजघरातली लांब सागवानी पेटीही उघडते. पेटीत पाच बंदुका आहेत. पाचही विलायती, पाचही शिकारीच्या, पाचही जुन्या ठासणीच्या, आणि पाचांपैकी एकीनंही माझ्या हातून आजवर साधा कावळा मारलेला नाही. गावात लोक माझ्या माघारी म्हणतात, "तात्याच्या घरी बंदुका पाच आणि शिकार डासांची." म्हणोत बापडे. सरकारचा परवाना माझ्या नावाचा आहे, दरसाल नवा करून घेतो, आणि पाची जणी माझ्या घरी सुखात आहेत.

या वर्षी मात्र पेटीचं झाकण लावताना माझा हात थांबला. का थांबला, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. पण मी कारकून माणूस, निकालाआधी सगळी हकीकत मांडायची सवय. तेव्हा सावकाशीनं घ्या.

तीस वर्षं मी ठाण्याच्या कचेरीत कारकुनी केली. आमच्या कुळात टाकापेक्षा जड काही कुणी उचललं नव्हतं. एके दिवशी घोडबंदरच्या रानातून शिकार करून परतलेला एक साहेब काही कामासाठी आत गेला आणि जाताना आपली रिकामी रायफल माझ्या मेजावर आडवी ठेवून गेला. मी तिच्याकडे बघत बसलो. मग न राहवून, कुणी पाहत नाहीसं पाहून, तिचा घोडा अंगठ्यानं मागे ओढला. घोडा म्हणजे दारूच्या इवल्या टोपीवर आपटून ठिणगी पाडतो तो. टक् झालं. आणखी ओढला, पुन्हा टक्. दोन्ही आवाज वेगळे, दुसरा जरा खोल, आणि दोहोंच्या मध्ये खरखर नाही की अडखळ नाही. आत किती कमानी असतील, किती दाते असतील, आणि त्या कानशीनं घासत कुणीतरी सातासमुद्रापलीकडे बसला असेल, माझ्यासारखाच पोटार्थी! अंगावर काटा आला हो. साहेब परत आला तेव्हा मी मान खाली घालून कागद लिहीत होतो, पण गडी कामातून गेला तो गेलाच.

बंदुकीत एवढं बघायचं काय, असं मला लोक विचारतात. अहो, काय बघायचं नाही ते विचारा! चांगली रायफल दोन बोटांवर आडवी ठेवा, तराजूची दांडी राहावी तशी राहते. नळीच्या आत डोळा लावा, आतले आटे वळत वळत उजेडापर्यंत जातात, आणि त्या वळणात कुठे केसाइतकी चूक नसते. पुढच्या टोकावरची नेम धरायची माशी बघा, तांदळाच्या कणीएवढी, पण तीही हातानं घासलेली. आणि कळीवरची, म्हणजे घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीवरची, कोरीव चित्रं! माझ्या एका बंदुकीवर वाघ कोरलेला आहे. कोरणाऱ्यानं जन्मात वाघ पाहिलेला नसावा. अंगावर पट्टे आहेत, पण तोंड आमच्या मनी मांजरीचं. मला तो वाघ फार आवडतो. न पाहिलेल्या जनावराच्या मिशीचा एकेक केस त्या माणसानं इमानानं कोरला आहे.

तो काळ अशा चीजा हाताला लागण्याचाच होता. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून दारू ओता, गोळी ठासा, टोपी चढवा, मग उडवा. तोवर वाघ मुरबाडला पोचलेला. मग विलायतेहून मागून उघडणाऱ्या काडतुसाच्या बंदुका आल्या आणि साहेबलोकांनी जुन्यांकडे पाठ फिरवली. एखादा साहेब मायदेशी निघाला की त्याच्या बंगल्यावर लिलाव व्हायचा. खुर्च्या, चिनी बश्या, घोड्याचं खोगीर, मडमेचा पियानो, आणि सगळ्यांत शेवटी भिंतीला टेकून उभी केलेली म्हातारी ठासणी. खोगिरावर बोली चढायची. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मी बघत असे.

माझी दुनळी अशीच घरी आली. दोन नळ्या शेजारी शेजारी, मधल्या पट्टीवर लंडनच्या एका नामांकित कारागिराचं नाव सोन्यानं भरलेलं, आणि लाकडी दस्ता मुठीत धरायच्या बारीक जागी मोडून दोन तुकडे. नळ्यांच्या अंगभर बारीक नागमोडी रेषा होत्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या कांब्या सुंभासारख्या पिळायच्या, त्यांचं वेटोळं घालायचं आणि ठोकून एकजीव करायचं, तेव्हा अशी नळी होते. त्या पिळांच्याच या रेषा. खाडीला ओहोटी लागली की पाणी चिखलावर जी वळणं सोडून जातं, तशा दिसतात. वरून मुद्दाम चढवलेला तपकिरी रंग. लिलाव पुकारणाऱ्यानं "सरपण घ्या, सरपण" म्हणून ती वर धरली आणि जमलेले लोक हसले. मी हात वर केला. त्या हाताचा मला आजही अभिमान आहे.

पण मोडका दस्ता कोण करणार? ठाण्यात दोन सुतारांनी कानांवर हात ठेवले. तिसरं नाव कुणीतरी सांगितलं ते कोपरच्या पोशाचं. पोशा आगरी, खाडीकाठी होड्या बांधायचा. त्यानं आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. दोन्ही तुकडे उलटेपालटे करून, हुंगून तो म्हणाला, "तात्या, यो साहेबाचा लाकूर आपल्याकरं नाय. मी शिसवाचा करून देन." होडीच्या दोन फळ्या एकमेकींना बसवताना तो एकीला गेरू फासायचा, दुसरीवर दाबायचा, आणि लाल डाग उठेल तेवढंच तासायचा. लोखंडावर गेरू ठरेना, तेव्हा त्यानं दिव्याची काजळी धरली. कळ धुरावर काळी करायची, शिसवात दाबायची, उचलायची. लाकडावर काळा ठिपका दिसेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या चार महिन्यांत त्यानं दुसरं काम घेतलं नाही. विलायतेतले कारागीरही नेमकं असंच करतात, हे मला पुढे कळलं. पोशाला ते कुणी शिकवलं नव्हतं.

दस्ता झाला असा निरोप आला म्हणून मी कोपरला गेलो, तर हा गडी लोखंड आणि लाकूड यांच्या सांध्यावर लोट्यानं पाणी ओतून समोर उकिडवा बसलेला! मी किंचाळलो, "अरे मेल्या, होडी आहे का ती!"

"पानी शिरला तं मना पैला कलंल," पोशा म्हणाला आणि पाण्याकडे बघत राहिला.

पाणी शिरलं नव्हतं. थेंबही नाही. मी तिथल्या तिथे त्याला मिठी मारली, आणि माझ्या पांढऱ्या अंगरख्यावर काजळीचे दोन पंजे उठले. तो अंगरखा मी बरेच दिवस धुवायला दिला नाही.

विलायती बंदुकीच्या दस्त्याला खालच्या अंगानं चांदीचं एक लहानसं पान बसवलेलं असतं, लंबगोल, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. त्यावर मालकाचं नाव कोरायचं. पोशानं जुन्या दस्त्यावरचं पान काढून नव्यात बसवलं होतं. पहिल्या साहेबाची अक्षरं हात लागून लागून पार पुसली होती. तिथे आता माझं नाव येणार! पण कसं? मोडीत की बाळबोधीत? नुसतं तात्या, की वडिलांच्या नावासकट सगळं? मी आठ दिवस कागदावर नमुने काढले. एकही माझ्या तोलाचा वाटेना. पान कोरंच राहिलं.

माझ्या या नादाला घरातून काय म्हणत, असं तुम्ही विचाराल. आमची मंडळी म्हणायची, "लोकांच्या बायकांना सवत एक असते, मला पाच." म्हणायची आणि जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून माझ्यापुढे ठेवायची. मी बंदुका पुसायला बसलो की तीही जवळ बसायची, काहीतरी निवडत, टिपत. कुठली खीळ आधी निघते, नळ्या दस्त्यातून कशा सुटतात, ओल्या कुंकवाचं बोट लोखंडाला लागलं तर डाग कसा पडतो, हे मी तिला शंभरदा ऐकवलं असेल. ती हूं हूं करायची. तिला अक्षरओळख नाही. शिकवतो म्हटलं की, "माझं कुठे अडलंय?" हे उत्तर. आणि तिचं नाव? छे, ते मी कधी घेतलं नाही. लग्नात घास देताना तोंडातल्या तोंडात एकदा पुटपुटलो असेन तेवढंच. "ऐकलंस का" आणि "अहो" या दोन शब्दांवर आमचा संसार चालला, जसा आमच्या वयाच्या सगळ्यांचा चालला.

आता त्या आश्विनाकडे येतो. वीस वर्षं झाली असतील. घट बसायला दोन दिवस होते. ठाण्याला तळ्याकाठी राहणारे आबासाहेब माझी नवी दुनळी बघायला आमच्या ओटीवर आले होते. आबासाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार. त्यांच्याकडे माझ्या तिप्पट बंदुका आणि माझ्या दसपट ज्ञान, आणि अंगरख्याच्या खिशात कायम एक भिंग. बरोबर आमच्या कचेरीतली चार माणसं. आबासाहेबांनी दस्त्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. मी फुगलो. मग त्यांनी नळ्यांना भिंग लावलं. मुळापासून टोकापर्यंत दोनदा फिरवलं.

"तात्या, रागावू नका," ते शेवटी म्हणाले. "मला ही नळी बनावट वाटते. हल्ली साध्या लोखंडी नळीवर अशी नक्षी नुसती रंगवतात, वर बड्या कारागिराचं नाव घालतात आणि खपवतात. लिंबू चोळून आंबटात भिजत ठेवा. रंगवलेली असेल तर धुऊन जाईल. पोलादाच्या अंगातली असेल तर उलट उठून दिसेल."

कचेरीतल्या चौघांपैकी एकजण फिसकन हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! म्हणालो, "दसऱ्याला सोनं द्यायला या, आबासाहेब, आणि येताना लिंबू तुम्हीच घेऊन या. चारचौघांत चोळा. खोटी निघाली तर याच हातानं खाडीत टाकीन, उरलेल्या चारही काढून टाकीन, आणि पुन्हा जन्मात बंदुकीला हात लावणार नाही."

मंडळी गेली आणि आपण काय बोलून बसलो ते माझ्या ध्यानात आलं. लिंबू काय घरात नव्हतं? परसात झाड लगडलेलं होतं. पण चोळायचा धीर होईना. रोज सकाळी नळ्या उन्हात न्यायच्या, नखानं खरवडल्यासारखं करायचं, आणि हात मागे घ्यायचा. कधी रेषा खोल वाटायच्या, कधी भिंतीवर काढलेल्या रांगोळीसारख्या उथळ. लिलावात हसलेले लोक आठवायचे. पोशाचे चार महिने आठवायचे. खोट्या नळीला त्या माणसानं एवढा खरा दस्ता केला, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? माझा भात पानात तसाच राहू लागला. "बरं वाटत नाही का?" असं घरातून विचारलं गेलं. "तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

खंडेनवमी उजाडली. या दिवशी घरातलं हत्यार पुजायचं, मग ती तलवार असो, विळा असो की कारकुनाचा टाक तासायचा चाकू. मी दरसाल बंदुका पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू चार बोटं दुरूनच वाहायचो. त्या वर्षी नेमकं कचेरीत तातडीचं काम निघालं. "पूजा तूच उरकून घे," असं सांगून मी सकाळच्या गाडीनं ठाण्याला गेलो. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दुनळीचं तोंड बघायला नको होतं.

दुपार कलताना घरी आलो. शेजारच्या चार बायका हळदीकुंकवाला बसल्या होत्या. देवघरासमोर लांबट लाकडी डोणी होती, कैऱ्या धुवायला म्हणून पोशानंच करून दिलेली. आणि त्या डोणीत, पंचामृतात पुरत्या बुडालेल्या, माझ्या दुनळीच्या नळ्या! दूध, दही, मध, वर तुपाचे डोळे आणि झेंडूची फुलं तरंगताहेत.

"अगं, हे काय केलंस!"

"देवाला अभिषेक करतात ना," ती खाली बघून म्हणाली. "तुमच्या देवालाही केला. सकाळपासून बुडवून ठेवल्यात."

त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. अडाणी हा त्यातला सगळ्यांत मवाळ शब्द होता. शेजारणी एकेक करून उठून गेल्या. मी नळ्या बाहेर काढल्या. नशीब एवढंच की दस्ता आणि कळ दोन्ही सोडवून, कोरड्या धोतरात गुंडाळून पलीकडे पाटावर ठेवलेली होती, त्यांना थेंब लागला नव्हता. एका नळीच्या तोंडाला लिंबाची बी चिकटली होती, ती मी नखानं उडवली. नळ्यांवर कढत पाणी ओतलं, पुसल्या, आणि अंगणात उन्हात धरल्या.

तपकिरी रंग साफ गेला होता. आणि त्याच्याखाली, पार मुळापासून टोकापर्यंत, काळ्या आणि रुपेरी रेषांचे पीळ उठून आले होते. आधी दिसत होते त्याच्या चौपट. बोट फिरवलं तर बोटाला लागत होते. नळ्या मांडीवर घेऊन मी अंगणातच बसलो.

"खरी आहे!" मी ओरडलो. "अगं, ऐकलंस का, खरी आहे!"

"असं का," ती दारातून म्हणाली, आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. रागावली असेल, असं मला वाटलं. समजूत घालायला जावंसं वाटलं नाही, कारण माझ्या मांडीवर लंडनचं पोलाद होतं.

दुसऱ्या दिवशी दाराला आपट्याच्या पानांबरोबर नव्या भाताच्या लोंब्या लावल्या होत्या. आबासाहेब आले. शब्दाला जागून खिशात लिंबू होतं. त्यांनी भिंग लावून दोन्ही नळ्या इंच इंच पाहिल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्यांनी लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं. "याचं सरबत करा," म्हणाले. "मी चुकलो, तात्या. असं पोलाद माझ्याकडे एक नाही." आणि हातातलं सोनं त्यांनी आधी दुनळीवर ठेवलं, मग मला दिलं. कचेरीतला तो फिसकन हसणारा खांबाआड उभा होता. त्याच्याकडे मी चांगलं डोळा भरून बघून घेतलं. मग आबासाहेबांनी दस्ता कुणी केला ते विचारलं. पोशा अंगणात नवं मुंडासं घालून आला होता. मी त्याला हाताला धरून वर आणलं.

"होरी हाय ती, सायब," पोशा म्हणाला. "बुरनार नाय."

पुढची वीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, कचेरीच्या व्हरांड्यात सांगितली, नव्या साहेबालाही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. शेवट ठरलेला असायचा: "लंडनचं पोलाद सिद्ध झालं ते आमच्या घरच्या अडाणीपणामुळे!" मंडळी खो खो हसायची. पानसुपारीचं तबक पुढे करता करता तीही हसायची.

आबासाहेब आता नाहीत. पोशाही गेला, कोपरला आता त्याचा मुलगा होड्या बांधतो. मी पेन्शनीत निघालो. गोष्ट मात्र टवटवीत राहिली.

परवा खंडेनवमीला आम्ही दोघंच होतो. मी पुसत होतो, ती चिंध्या फाडत होती. दर वर्षाची थट्टा मी याही वर्षी केली. "काय, यंदा घालायचं का पंचामृत?"

"यंदा झाडाला लिंबंच नाहीत," ती म्हणाली.

"पंचामृताला लिंबू कशाला लागतं?" मी म्हणालो, आणि माझा हात जागच्या जागी राहिला. मला ती बी आठवली. वीस वर्षांपूर्वी नखानं उडवलेली.

मी तिच्याकडे बघितलं. ती चिंधी फाडत राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"दाराआड उभी होते मी. आबासाहेब बोलले ते सगळं ऐकलं. तुम्ही काय बोलून बसलात तेही ऐकलं. दहा दिवस तुम्ही धड जेवला नव्हता."

"मग मला न सांगता एका कोपऱ्यात ठिपकाभर चोळून बघायचं!"

"आणि ठिपका खोटा निघाला असता तर?" ती म्हणाली. "दसऱ्याला आबासाहेबांच्या लिंबानं तेच दाखवलं असतं. तुम्ही खाडीवर गेला असता, टाकून आला असता, आणि घरी आला असता तो माणूस निराळाच. म्हणून अख्खी बुडवली. चांगलं आंबलेलं दही घातलं, बारा लिंबं पिळली. खरी निघाली तर प्रश्नच नाही. खोटी निघाली असती, तर मी म्हटलं असतं, माझ्याच पंचामृतानं नक्षी खाल्ली. मग आबासाहेबांना काय सिद्ध करता आलं असतं? झाकली मूठ राहिली असती. तात्याची बायको अडाणी, एवढंच गावानं म्हटलं असतं." जरा थांबून म्हणाली, "ते काय, तसंही म्हणालातच तुम्ही."

मी विचारलं, "वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही गोष्ट इतकी रंगवून सांगायचात!"

"आणि त्या दिवशी आत जाऊन एवढा वेळ काय करत होतीस?"

"रडत होते," ती म्हणाली. "खरी निघाली म्हणून."

म्हणजे बघा. दस्ता का कोरडा होता, खीळ कुणी काढली, कुंकवाच्या बोटालाही भिणारी बाई नळ्या पंचामृतात बुडवते कशी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उघडं पडलं होतं, आणि मी पारखी म्हणून मिरवत होतो! लाज वाटली. खूप वाटली. पण खोटं कशाला बोलू, लाजेच्या मागून जो आला तो अभिमानच होता, आणि लिलावात हात वर केला तेव्हाच्या अभिमानाहून तो मोठा होता. माझी पत राखण्यासाठी गावाचं हसू आपल्या अंगावर घ्यायला निघालेलं माणूस माझ्या घरात होतं. माझ्या! पेटीचं झाकण लावताना हात थांबला तो यासाठी.

दसरा झाला आणि दुनळी फडक्यात गुंडाळून, परवाना खिशात घालून, मी पारनाक्यावरच्या सोनाराकडे गेलो. दस्त्याखालचं चांदीचं पान दाखवलं आणि चिठ्ठी पुढे केली; तोंडानं सांगायला जीभ वळेना. त्यानं चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं.

"बंदुकीवर, तात्या?"

"बंदुकीवरच."

बाळबोध वळणाची तीन अक्षरं. इतकी बेताची बसली की पान त्यांच्याच मापानं कापलं होतं असं वाटावं.

घरी आलो तेव्हा ती ओटीवर भाताच्या लोंब्यांतून दाणे सोडवत होती. मी दुनळी तिच्या मांडीवर आडवी ठेवली. तिनं हात झटकून पानावरून बोट फिरवलं.

"घातलंत वाटतं शेवटी नाव," ती म्हणाली. "बरं केलंत. काय लिहिलंय?"

तीस वर्षं मी साहेबांपुढे उभ्यानं कागद वाचले, आवाज कधी अडला नाही. त्या दिवशी मात्र आधी दोनदा खाकरलो.

"जानकी," मी वाचलं.

तिनं पानावरचं बोट उचललं नाही. कुणी ऐकत तर नाही ना म्हणून एकदा रस्त्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.